भगवंतीची थंड शेगडी

आशालताबाईंनी भगवंतीला कामावर ठेवलं तेव्हा तिला पोळी येत नव्हती. ती जे लाटायची ते जाड, खरपूस आणि चवीला चांगलं असायचं, पण ती पोळी नव्हती. मनवेलपाड्यातल्या पोळीभाजी केंद्रातून डबा नेणाऱ्या माणसाला घडीची पोळी लागते, पदर सुटलेली, रुमालासारखी दुमडणारी. भगवंतीची पोळी दुमडली की मोडायची.

"काय गो, ही पोळी का पाट?" कमळी विचारायची. "ह्याच्यावर बसून जेवायचं का?"

कमळी ही केंद्रातली सगळ्यात जुनी बाई. खाडीकाठच्या गावातून पहाटे यायची आणि दुपार कलली की निघायची. घरी थोडी भातशेती, दोन म्हशी आणि अंथरुणाला खिळलेला सासरा. तिच्या जिभेला धार होती, पण भगवंतीला पोळी शिकवली ती तिनेच. मनगट धरून. "जोर नको लावू. लाटन्याला फिरू दे, तू फक्त त्याच्या मागं जा."

भगवंती सिंधमधल्या मीरपूरखासची. पाकिस्तानातली. तिच्या नवऱ्याचं तिथे कापडाचं दुकान होतं. नऊ वर्षांपूर्वी हरिद्वारच्या यात्रेचा व्हिसा काढून दोघं आली आणि परत गेली नाहीत. का आलात असं कुणी विचारलं तर भगवंती एवढंच सांगायची, "मला दिवस गेले होते, आणि मुलगीच होणार असं वाटत होतं. तिकडे आमच्या मुली पळवतात." ऐकणाऱ्या बायकांना पुढे काही विचारावंसं वाटायचं नाही. मुलगी इथे झाली, विरारमध्ये. तिचं नाव निधी.

"सिंधी ना तुम्ही? मग उल्हासनगर सोडून विरारला कशाला?" हा प्रश्न मात्र सगळे विचारायचे. उल्हासनगरला नवऱ्याचे मामा होते. त्यांनी आसरा दिला, पण दोन खोल्यांत किती दिवस राहणार? मनवेलपाड्यातल्या चाळीत भाडं परवडणारं होतं आणि नवऱ्याला विरारच्या बाजारात कापडाच्याच दुकानात काम मिळालं. तिकडे गादीवर बसणारा माणूस इकडे गादीसमोर उभा राहून थान उलगडू लागला. त्याबद्दल तो घरी कधी बोलला नाही. पण सुट्टीच्या दिवशी तो खुर्चीवरून उठतच नसे, आणि भगवंतीला त्यातून सगळं समजायचं.

तिने स्वतः काम शोधलं तेव्हा कागद आडवे आले. दोघांना राहायची मुदत मिळाली होती, काम करायची मुभा होती, आधारकार्डही झालं होतं. नागरिकत्व तेवढं अजून यायचं होतं. वसई पूर्वेला एका गाळ्यात खोट्या दागिन्यांच्या कामावर ती गेली, तर सुपरवायझरने कागद उलटेपालटे करून परत दिले. "मॅडम, नियम काय आहे ते मला माहीत नाही. पण लफडं नको." नियम तिच्या बाजूने होता. तो माहीत असलेला माणूस तेवढा तिला कुठे भेटत नव्हता. मग बरीच वर्षं ती चाळीतल्या खोलीत बसून कानातल्यांना आकडे लावत राहिली. तिच्या हातचे झुमके कुठल्या कुठल्या लग्नांना जाऊन आले असतील. ती स्वतः रेशनचं दुकान आणि निधीची शाळा यांच्यापलीकडे फारशी गेली नाही.

गेल्या वर्षी ऐन गणपतीच्या तोंडावर केंद्रातली एक बाई न सांगता गावाला निघून गेली. आशालताबाईंना तेव्हा कुणाचेही कागद बघायला वेळ नव्हता. अशी भगवंती कामाला लागली.

आशालताबाई मूळच्या राजापूरकडच्या. यजमान गेल्यावर त्यांनी हा गाळा भाड्याने घेऊन केंद्र सुरू केलं आणि त्यावर मुलगा जितेशचं शिक्षण केलं. आता जितेश अंधेरीला बँकेत होता, आणि आईने केंद्र बंद करावं असं त्याला मनापासून वाटत होतं. त्यातून आशालताबाईंचा उजवा गुडघा पार गेला. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. पितृपक्षात कुणी ऑपरेशन करून घेत नाही म्हणून तेव्हाची तारीख लगेच मिळाली.

"तीन महिने तुला खाली उतरता यायचं नाही," जितेश म्हणाला. "माझा मित्र केटरिंगवाला आहे. तो केंद्र घेईल चालवायला. त्याच्या बायका आणेल."

"आणि माझ्या बायका?"

"मम्मी, तू काय संस्था चालवतेस का?"

आशालताबाईंनी आधी कमळीला विचारलं. कमळीने हात झाडले. "माझं भात, माझ्या म्हशी, माझा म्हातारा. आनि फोनवर गोड बोलायचं मला जमनार नाय. ह्या पाटवालीला सांगा. ती बोलते गोड."

म्हणून आशालताबाईंनी भगवंतीला समोर बसवलं. "राखीपौर्णिमा झाली की एक आठवडा मी खाली येणार नाही. समज मी इस्पितळात आहे. बाजार, भाजी, डबे, कंपनीची ऑर्डर, सगळं तू बघायचं. जमलं तर तीन महिने केंद्र तुझ्याकडे. आणि मी बरी होऊन आले तरी सकाळचा कारभार तुझाच. नाही जमलं तर जितेशचा मित्र येईल, मग तू नाहीस आणि कमळीही नाही. कळलं?"

"कळलं, ताई."

"घाबरलीस?"

"हो," भगवंती म्हणाली, आणि हसली.

घरी जाऊन तिने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे गल्ल्यावर तू बसणार." त्याच्या आवाजात काय होतं ते तिला नीट कळलं नाही, पण सकाळी त्याने उठून निधीची वेणी घातली. वाकडी घातली, पण घातली.

आठवडा चांगला चालला होता. भाजीवाल्याने पहिल्याच दिवशी तिला जून भेंडी दिली, ती तिने त्याच्यासमोर एकेक मोडून दाखवली आणि बदलून आणली. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने भाजीला मीठ कमी म्हणून फोन केला, तर तिने विचारलं, "काका, कमी पाहिजे असं तुमच्या सूनबाईंनीच सांगितलंय. मी कुणाचं ऐकू?" काका हसले. वसई पूर्वेच्या कंपनीचे डबे एडवर्ड आपल्या टेम्पोतून न्यायचा. तो आशालताबाईंना जाऊन सांगून आला, "आँटी, तुमच्यापेक्षा ही लवकर भरते. तुम्ही दोन महिने जास्तच झोपा." कमळी रोज निघताना म्हणायची, "आज पन जळालं नाय. उद्या बघू."

आणि सप्तमी आली.

राखीनंतरच्या सप्तमीला सिंधी घरांत थदडी असते. त्या दिवशी घरात अग्नी पेटवायचा नाही. आदल्या दिवशीच सगळा स्वयंपाक करून ठेवायचा, शेगडी धुऊन पुसून तिच्यावर पाणी शिंपडायचं, हळदकुंकू वाहायचं. शीतळा माता त्या दिवशी चुलीत येऊन निवते. पेटत्या चुलीवर ती आली तर तिला चटका बसतो आणि घरातल्या लेकरांना देवी-गोवर निघतात. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून शेगडी पुन्हा पेटवायची. मीरपूरखासला हे सगळ्यांना माहीत होतं. शेजारची मुसलमान बाई त्या दिवशी गरम दुधाचा पेलासुद्धा भगवंतीच्या उंबऱ्याच्या आत आणायची नाही. बाहेर उभी राहून म्हणायची, "आज तुमचं थंडं आहे ना?"

आणि भगवंतीची सासू सगळ्यांना सांगत आली होती, आपण इथे दबून सण करतो, पण तिकडे, हिंदुस्थानात, घरोघरी करतात. इथे आल्यावर दर थदडीला भगवंती निधीला घेऊन उल्हासनगरला मामांकडे जायची. तिथे अख्ख्या गल्लीत गॅस बंद असायचे. सासूचं म्हणणं खरं आहे, हे तिने आठ वर्षं डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्यामुळे कुणाला विचारावं किंवा सांगावं असं काही तिच्या मनातच आलं नाही. उद्या सूर्य उगवणार आहे हे कुणी सांगत फिरतं का?

षष्ठीला कमळी गेल्यावर ती एकटी केंद्रात थांबली. गुळाच्या पाण्यात कणीक भिजवून तिने लोले केले, तुपावर भाजलेली जाड गोड भाकरीच ती. कांदा-मिरचीची कोकी, म्हणजे तिखट जाड पोळी केली. कारली तळली, बेसनाची कोरडी भाजी केली, दह्याची भांडी लावली. कंपनीचे डबे, चाळीतले डबे, सगळ्यांना पुरेल इतकं. हात भरून आले, पण तिला बरं वाटत होतं. मग तिने दोन्ही शेगड्या घासल्या, बर्नर काढून धुतले, पुसून जागेवर बसवले. पाणी शिंपडलं. हळदकुंकू वाहिलं. निधीचं नाव घेतलं, नवऱ्याचं घेतलं, आणि जरा थांबून कमळीच्या नातवाचं आणि जितेशचंही घेतलं.

सकाळी कमळी आली तेव्हा भगवंती नवा सलवार-कमीज घालून डबे पुसत होती.

"गॅस का नाय लावला अजून?"

"आज?" भगवंतीने विचारलं.

"आज म्हनजे? आज काय झालं?"

"आज सप्तमी नाही का?"

कमळीने शेगड्यांकडे पाहिलं. कुंकू पाहिलं. झाकणं उघडून लोले पाहिले, एक दाबून पाहिला. "बया," ती म्हणाली आणि बाहेर जाऊन आशालताबाईंना फोन लावला. "ताई, या तुम्ही. कशाही या. हिनं गॅसची पूजा करून ठेवलीय आनि म्हनते आज लावायचा नाय."

आशालताबाई पलीकडच्या गल्लीतल्या आपल्या इमारतीचे तीन मजले कठड्याला धरून उतरल्या. केंद्रात आल्या तेव्हा घामाघूम झाल्या होत्या. एडवर्डचा टेम्पो दारात उभा होता आणि एडवर्ड काही न विचारता सगळं ऐकत होता.

"भगवंती, हे काय?"

तिने सांगितलं. बोलताबोलता तिचा आवाज बसत गेला, कारण समोरच्या दोन्ही चेहऱ्यांवर ओळखीचं काहीच उमटत नव्हतं.

"तुम्ही... तुमच्यात नाही करत, ताई?"

"आमच्यात आज काही नसतं. उद्या गोकुळाष्टमी."

"पण तुम्ही तर हिंदू."

आशालताबाईंनी कपाळाला हात लावला. "कंपनीच्या डब्यात पोळी, उसळ, वरण-भात ठरलाय. हे कालचं गार मी त्यांना पाठवू? चल, उशीर होतोय. लाव गॅस."

भगवंती हलली नाही.

"ऐकलंस ना?"

"ताई, मी कणीक मळते. पोळ्या लाटते. भाजी चिरते. भांडी घासते. गॅस नाही लावणार."

"तुझं काम जाईल. तुझ्या लक्षात येतंय ना? जितेश टपूनच बसलाय."

"येतंय," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण पाय तिथेच होते.

आशालताबाईंनी लायटर उचलला. शेगडीसमोर उभ्या राहिल्या. हळदकुंकवाकडे पाहून त्यांचा हात थांबला. मग त्यांनी लायटर काखेत धरला, दोन्ही हात जोडले, पुटपुटल्या, "आई, पोटासाठी आहे, रागवू नको," आणि पदराने बर्नर पुसून गॅस पेटवला. भगवंतीने तोंड भिंतीकडे फिरवलं.

भगवंती लाटत होती, कमळी भाजत होती, आशालताबाई स्टुलावर पाय ठेवून उसळ ढवळत होत्या. एडवर्डने आत डोकं घातलं. "आँटी, चाळीतल्या डब्यांत हेच भरून पोचवून येऊ का? निदान ते तरी वेळेत जातील." म्हणून लोले आणि कारली तिकडे गेली. त्यावरून चार फोन आले. कुणी विचारलं आज कसला सण, कुणी विचारलं कालचं का दिलं. एकाने जरा जोरातच सुनावलं की पाकिस्तानी बाई ठेवली तर असंच होणार. तो फोन भगवंतीने घेतला होता. "हो साहेब," ती म्हणाली आणि ठेवला.

कंपनीचे डबे उशिरा पोचले. तिथल्या साहेबांचा फोन आशालताबाईंनी घेतला. लोक बाहेर जाऊन वडापाव खाऊन आले, पुन्हा असं झालं तर दुसरीकडे बघू, असं ते म्हणाले. आशालताबाईंनी पाच वेळा सॉरी म्हटलं.

दुपारी तिघी भिंतीला टेकून बसल्या. कमळीने उरलेला एक लोला तोडून तोंडात टाकला.

"चांगला आहे की. गारच चांगला लागतो." दुसरा तुकडा दह्यात बुडवत ती म्हणाली, "आमच्यात पन असते शिळी सात. आदल्या दिवसाचं खायचं, चूल पेटवायची नाय."

भगवंतीने मान वर केली. "असते? कधी?"

"झाली. नागपंचमी झाली की दोन दिवसांनी. पंधरा दिवस झाले."

"पण त्या दिवशी तू इथे होतीस. तूच गॅस लावला होतास."

"लावला."

"मग देवी?"

"घरची नाय पेटवली ना. सुनेला पन लावून दिली नाय." कमळीने बोटं चाटली. "इथली पेटवली. इथली काय माझी आहे? ताईंची आहे. पाप लागलं तर ताईंना लागेल."

ती हसत म्हणाली, पण आशालताबाईंना हसू आलं नाही. बारा वर्षं कमळी या शेगडीपुढे उभी होती. यजमान गेले त्यानंतरच्या पहिल्या महिन्यापासून. आशालताबाईंना वाटायचं, कमळी म्हणजे घरचीच. आणि ही दुसरी, जिला येऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं, जिच्याकडे आठवड्यापुरता कारभार दिला होता, तिने शेगडीवर जितेशचं नाव घेऊन कुंकू वाहिलं. ते तिने आताच, कमळीने "मग काय काय बोललीस देवीला?" म्हणून खोदून विचारल्यावर, ओशाळून सांगितलं होतं.

"मला नव्हतं माहीत, की घरची वेगळी आणि कामाची वेगळी," भगवंती हळूच म्हणाली. "मी घराबाहेर कधी कामच नव्हतं केलं."

आशालताबाई उठल्या. "मी जाते. पाय ठणकतोय." कारभाराचं त्या काही बोलल्या नाहीत. एडवर्डने त्यांना टेम्पोत बसवून घरापर्यंत सोडलं.

जितेश त्या दिवशी बँकेतून लवकर घरी आला होता. त्याला सगळं कळलेलंच होतं. चाळीतला एक डबा त्याच्या ओळखीच्या एका माणसाकडे जायचा.

"मी मित्राला फोन करतो," तो म्हणाला. "उद्यापासूनच येईल तो."

"थांब."

"मम्मी, आज कंपनी जाता जाता राहिली. उद्या ही म्हणेल आमच्यात अमावास्येला भाजी चिरत नाहीत."

"म्हणेलही. तुझ्या मित्राच्या बायका काय म्हणतील?"

"त्या काही म्हणणार नाहीत. सांगितलं ते करतील."

"हो ना," आशालताबाई म्हणाल्या. "मी तीन महिने इथे पडून असणार. भाजीला वास आलाय आणि मालक म्हणतो पाठव, तर त्या पाठवतील. हिला मी आज नोकरी घालवायची भीती घातली, तरी हिने हात लावला नाही. हिच्याकडून काय होणार नाही ते मला कळलं. तेवढं मला पुरे आहे."

"आणि कंपनी?"

त्या गुडघ्याला तेल चोळत बसल्या. दिवेलागण झाली तेव्हा त्यांनी भगवंतीला फोन लावला.

भगवंतीने पहिल्याच रिंगला उचलला. पलीकडे निधी पाढे म्हणत होती. ती थांबली.

"उद्याचा साबुदाणा भिजवलास का?" आशालताबाईंनी विचारलं.

"भिजवलाय, ताई. जास्तीचा भिजवलाय. अष्टमीला ऑर्डर वाढेल असं कमळीबाई म्हणाली." मग घाईघाईने, "भिजवायला गॅस लागत नाही."

"माहीत आहे मला. आता नीट ऐक. पुढच्या वर्षी मी असेन नसेन, गुडघा चालेल न चालेल. त्या दिवशी गॅस कोण लावणार?"

"मी नाही लावणार, ताई."

जितेशने पेपरातून वर पाहिलं.

"कमळीबाई लावेल," भगवंती म्हणाली. "मी दुपारी विचारलं तिला. आणि तिच्या सातीला मी लावीन. पंधरा दिवसांचा फरक आहे, दोघींचं जमतंय. तिला त्या दिवशी सुट्टी. तुम्ही दिलीत तर."

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, सुट्टी कशाला, म्हस काय सुट्टी घेते. मग म्हणाली, बघू. मग बसस्टॉपवरून फोन करून म्हणाली, चालेल."

आशालताबाईंना आता हसू आलं. ते त्यांनी आवाजात येऊ दिलं नाही. "आणि आणखी काय काय आहे तुमच्यात? आज कळलं ते कळलं. पुढचं मला आधी माहीत पाहिजे. तीन महिन्यांत नवरात्र येईल, दिवाळी येईल. कंपनीला मला आधी सांगता आलं पाहिजे."

"सांगते. पण तुमच्यातलं पण सांगा, ताई. गणपतीत काय करतात, काय नाही करत. मला वाटायचं सगळं मला माहीतच आहे."

"ते लांबलचक आहे."

"माझं पण."

"थांब मग," आशालताबाई म्हणाल्या, "पायाखाली उशी घेते." आणि जितेशला त्यांनी हाताने खूण केली, टीव्ही बारीक कर.